निंबळीचं पहिलं निशाण

"चरखा गेला," गुरुजी म्हणाले, आणि आमच्या अंगणातल्या ओल्या मातीत त्यांनी काटकीनं एक मोठं वर्तुळ ओढलं. "त्याच्या जागी आता हे आलंय. चाक."

मी निळीच्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून कापड फिरवत होते. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, भट्टीपाशी बसून डाळिंबाच्या साली कुटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचं चाक? गाडीचं?"

"अशोक राजाचं."

"हा कुठला राजा? हैदराबादेत तर ऐकला नाही."

गुरुजी हसले. नागोराव गुरुजी त्यांचं नाव. निंबळीत त्यांची मराठी शाळा होती. सरकारनं ती बंद केली, तेव्हापासून ते गावोगाव हिंडत असत. हातात कायम टकळी. स्वतः कातलेल्या सुताशिवाय दुसरं काही त्यांनी अंगाला लावलं नव्हतं. त्यामुळे चरखा गेला हे सांगताना त्यांचा आवाज जरा बसला होता, ते माझ्या ध्यानात आलं.

ही सत्तेचाळीस सालातली, जुलै सरतानाची गोष्ट. आमचं निंबळी तेरणेच्या काठी, मोगलाईत. मोगलाई म्हणजे निजामाचं राज्य. सकाळी गाडी जुंपली की दुपारपर्यंत हद्द ओलांडून बार्शीला पोचता यायचं, आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. त्या मुलखाला पंधरा ऑगस्टला स्वराज्य मिळणार होतं. आम्हाला नाही. आमच्याकडे दवंडी पिटली होती, त्या दिवशी कुणी हिंदुस्थानचं निशाण उभं केलं तर त्याची रवानगी तुरुंगात.

आणि गुरुजी नेमकं तेच निशाण रंगवून घ्यायला आले होते.

"वर्तमानपत्रात चित्र आलंय," ते म्हणाले. "दिल्लीला ठरलं. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, आणि पांढऱ्यावर हे चाक, गडद निळं. आरे चोवीस. मी मोजून घेतलेत."

"पण चरखा का काढला?" मी विचारलं. गुरुजींशी मी बोलायची. त्यांनी मला अक्षरं शिकवली होती.

"चरखा एका अंगानं सरळ दिसतो, अनसूये, आणि उलट्या अंगानं उलटा. निशाण दोन्हीकडून सारखं दिसायला हवं. चाक कुठूनही बघ, चाकच." मग त्यांनी वर्तुळात आरे ओढायला घेतले. "आणि हे आपलं जुनं आहे. उत्तरेत काशीजवळ सारनाथ म्हणून ठिकाण आहे. तिथं एक दगडी खांब सापडला. त्याच्या माथ्यावर चार सिंह, पाठीला पाठ लावून बसलेले, आणि त्यांच्या पायाखाली हे चाक. दोन हजार वर्षांपूर्वी अशोकानं उभा केला तो."

"मोठा लढवय्या असेल," मामंजी म्हणाले.

"होता. कलिंग देशावर चालून गेला, जिंकला. लाखभर माणूस पडलं. आणि ते मैदान बघून त्याला जिंकल्याचीच लाज वाटली. नुसती मनात वाटली नाही. त्यानं ती दगडावर कोरून ठेवली, सगळ्या मुलखानं वाचावी म्हणून. त्यानंतर लढाई सोडली. हे चाक त्या धर्माचं, न्यायाचं."

माझा हात रांजणात तसाच थांबला. जिंकलेला राजा आणि लाजला? आम्ही पाहिलेले राज्यकर्ते म्हणजे वसुलीला येणारे जमादार. हरलेल्याला लाज वाटते हे मला ठाऊक होतं. जिंकलेल्याला वाटते हे नवीन होतं.

"आणि रंग?" मी विचारलं.

"केशरी म्हणजे त्याग. कारभार ज्यांच्या हाती, त्यांनी आपल्या घरापुरतं बघू नये. पांढरा खरेपणाचा. हिरवा जमिनीचा, पिकाचा. लोक म्हणतील, केशरी हिंदूचा आणि हिरवा मुसलमानाचा. म्हणोत. तसं ठरलेलं नाही. सगळे रंग सगळ्यांचे."

मामंजींनी कुटणं थांबवलं. "गुरुजी, आम्ही रंगारी माणसं. कापड आणलं, रंग सांगितला, आम्ही चढवून दिला. पुढं त्याचं काय होतं ते आम्ही पुसत नाही. कचेरीवरचं सरकारी पिवळं निशाण दरसाल माझ्या हातचं आहे. मोहरमचे झेंडे माझ्या हातचे, देवळावरची पताका माझ्या हातची. तुमचंही कापड ठेवून जा."

एवढंच. होयही नाही, नाहीही नाही. मामंजी असेच होते. पिढीजात भावसार रंगारी, बोलणं कमी, आणि गिऱ्हाइकाला परत पाठवल्याचं त्यांच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी माझा नवरा विषमज्वरानं गेला, तेव्हा माहेरचे मला न्यायला आले होते. मामंजींनी मला रांजणापाशी उभं केलं आणि म्हणाले, "हात चालता ठेव." तेवढ्यावर मी राहिले. मला स्वतःला रंगीत लुगडं नेसायची सोय राहिली नव्हती, पण दिवसभर माझे हात रंगात असत.

गुरुजींनी दिलेली खादी त्यांच्याच सुताची होती. जर्मनीच्या लढाईच्या दिवसांपासून विलायती रंग महाग झाले होते, म्हणून आम्ही जुन्या पद्धतीनं काम करायचो. केशरीसाठी पळसाची सुकवलेली फुलं उकळली, त्यात कुसुंब्याचा रंग मिसळला. हिरवा तर वेगळा नसतोच. कापड आधी निळीत बुडवायचं, मग डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्यात. निळीतून वर काढलेलं कापड पहिल्यांदा पिवळट दिसतं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जातं. त्या दिवशी मी आऱ्यांसाठी सूत बुडवलं आणि हातात धरून ते निळं होईपर्यंत बघत उभी राहिले. रोजचंच काम होतं, तरी बघत राहिले.

तिन्ही पट्टे मी वेगवेगळ्या दोऱ्यांवर वाळत घातले. केशरी पट्टा पागोट्यांच्या ओळीत, हिरवा ईदच्या कपड्यांच्या ओळीत. रमजान चालू होता, त्यामुळे ते कपडे ढीगभर होते. पांढरा धोतरांत मिसळून गेला. जोवर रंग वेगळे होते तोवर त्यात गुन्हा नव्हता. पण श्रावणातल्या ढगाळ हवेत कापड लवकर वाळेना, आणि पंधरा ऑगस्ट जवळ येत चालला.

अशात एका सकाळी अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे आमच्याकडचा फौजदार. हा नवीन बदलून आलेला होता, पस्तिशीतला, उंच, उपासानं ओठ सुकलेले. दोन शिपाई मागं ठेवून तो दोऱ्यांमधून छडीनं कापडं बाजूला सारत चालला. केशरी पट्ट्यापाशी थांबला.

"ए रंगारी, ये किसका है?"

"गिऱ्हाइकाचं, साहेब," मामंजी म्हणाले.

"गिऱ्हाइकाला नाव असेल की."

मामंजींना खोटं बोलता येत नसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "लग्नाचं आहे, साहेब."

"धोंड्याच्या महिन्यात लग्न?" तो हसला. माणूस बावळट नव्हता. अधिक महिन्यात आमच्यात लग्नं होत नाहीत हे त्याला पक्कं माहीत होतं.

"आमच्यातलं नाही. शेजारच्या शरीफाआपाच्या मुलीचं. ईद झाली की आहे."

शरीफाआपा म्हणजे पिंजाऱ्याची बायको. तिच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये कमरेएवढी भिंत. मुलीचं लग्न खरं होतं, कापड तिचं नव्हतं. अमीन सरळ भिंतीपाशी गेला आणि त्यानं हाक मारली. आपा डोक्यावर पदर घेत बाहेर आली. त्यानं छडीनं केशरी पट्टा उचलून दाखवला.

"ये कपड़ा तुम्हारा है?"

आपानं कापडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काय चेहरा केला होता कोण जाणे.

"हां, मेरा है," ती म्हणाली.

"तो फिर ले जाओ. अभी."

तिनं भिंतीवरून हात लांबवला, ओलसर पट्टा दोरीवरून ओढून घेतला, घडी केली आणि आत निघून गेली. अमीन जरा वेळ घोटाळला आणि शिपायांना घेऊन परत फिरला. मामंजींनी पुन्हा कुटायला घेतलं, पण मुसळ एका जागी पडत नव्हतं.

दुपारी मी आपाकडं गेले. ती दाराशी बसून ईदचे कुडते शिवत होती. केशरी पट्टा तिच्या मागं दांडीवर पसरलेला होता. तिनं मला बस म्हटलं नाही.

"रोजा आहे माझा," ती म्हणाली. "रोज्यात तू मला खोटं बोलायला लावलंस, अनसाबाई."

"आपा, चुकलं माझं. दुसरं नाव सुचलंच नाही."

"काय आहे ते कापड? खरं सांग."

मी सगळं सांगितलं. गुरुजी, दिल्ली, तीन रंग, चाक. राजाची गोष्टही सांगितली, कारण माझ्या डोक्यातून ती जात नव्हती. आपा शिवत राहिली. तिच्या दिराचं निजामाच्या रझाकारांत उठणं-बसणं होतं, हे मला माहीत होतं. एक शब्द तिनं बाहेर टाकला असता तर आमचं घर गेलं असतं. सांगून झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

तिनं कुडत्याची बाही पुरी केली. मग दोरा दातानं तोडून म्हणाली, "मी सगळ्यांदेखत म्हटलं, कापड माझं. आता रोज्यात मी खोटं पडणार नाही. तेव्हा ते कापड माझंच झालं. बरोबर?"

माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

"अगं, रडतेस काय? माझं कापड झालं, तर मी ते कुणालाही देईन. तुझ्या निशाणाला दिलं." तिनं दांडीवरून पट्टा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "पण पोरीच्या लग्नाला ह्याच रंगाचं कापड तुला द्यावं लागेल. ह्याहून फिकं चालायचं नाही."

"आपा, तुमचे लोक काय म्हणतील?"

"म्हणतील ते ऐकून घेईन. गावात राहायचं तर रोज काहीतरी ऐकावंच लागतं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "खरंच लाजला तो राजा? जिंकून?"

"गुरुजी म्हणाले, दगडावर लिहून ठेवलंय."

"मग शिव ते चाक नीट," ती म्हणाली.

निशाण आम्ही तिच्याच घरात शिवलं, भर दुपारी, दार उघडं ठेवून. ईदच्या कपड्यांच्या ढिगाऱ्यात कुणाचं लक्ष जाणार? चाकाची धाव, म्हणजे बाहेरची कड, निळ्या कापडाची, आरे निळ्या सुताचे. दोन्ही अंगांनी सारखं दिसायला हवं म्हणून कापड उभं ताणून धरलं, अलीकडे मी आणि पलीकडे आपा. सुई मी टोचायची, ती ओढून परत टोचायची. तोंडात दिवसभर पाण्याचा थेंब नव्हता तिच्या, पण एक आरा वाकडा गेला तर तिनं तो उसवायला लावला.

आदल्या दिवशी बातमी आली की गुरुजींना बार्शीच्या वाटेवर धरलं. निशाण ते उभारणार होते, बाजारात, शाळेच्या बंद दारापुढं. संध्याकाळी गावातले दोघं-तिघं जाणते आमच्याकडं आले. सगळे हळहळले. उद्याचं राहू द्या, म्हणाले. मी म्हटलं, मी लावते. त्यातला एक खाली बघत म्हणाला, "शुभकार्य आहे बाई. विधवेच्या हातानं..." मी मामंजींकडं पाहिलं. ते पाटावर बसून पागोट्याची घडी घालत होते.

"आपल्या अंगणात आपण काय वाळत घालायचं ते गावाला विचारायचं नसतं," ते म्हणाले. "उद्या वारा बरा असेल."

पंधरा ऑगस्टला शुक्रवार होता. आमचं अंगण नदीच्या बाजूला उंचावर होतं, आणि लांबलचक पागोटी वाळवायला तिथं एक उंच वासा पुरलेला होता. वाशाच्या टोकाला लाकडी चाक, त्यावरून दोर. कचेरीच्या ओट्यावरून तो वासा दिसायचा, बाजारातून दिसायचा, नदीवरच्या घाटावरून दिसायचा. ऊन वर आल्यावर मी निशाणाची कड दोराला बांधली आणि ओढायला सुरुवात केली.

पहिल्यांदा ते ओल्या धोतरासारखं लोंबत वर गेलं. टोकाला पोचलं आणि तिथंही तसंच लोंबत राहिलं. मला वाटलं, इतकं करून हे उघडणारच नाही की काय. आणि नदीवरून झुळूक आली. आधी केशरी सुटला, मग पांढरा, आणि सगळं कापड एकदम फडकन ताणलं गेलं. निळं चाक मधोमध. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. बाजाराकडून कुणीतरी ओरडलं. मग माणसं चढण चढून येऊ लागली. जवळ कुणी येईना, आमच्या कुंपणाबाहेर दाटीनं उभी राहिली आणि वर बघू लागली. ज्या जाणत्याला माझ्या हाताचा संकोच वाटला होता, तोही होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अमीन आला तेव्हा निशाण चांगलं तासभर फडकलं होतं.

"किसने लगाया?"

"मी," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. केशरी पट्टा त्यानं ओळखला. त्याची नजर भिंतीपलीकडं गेली. आपा तिच्या अंगणात उभी होती, पदर नीट डोक्यावर, आणि तिनं नजर हटवली नाही. अमीननं ते तेवढ्यावरच सोडलं. शुक्रवार होता, रमजानचा शेवटचा. त्यालाही नमाजाला जायचं असेल.

"आणि हे चाक काय आहे?" त्यानं मला विचारलं. खरंच माहीत नव्हतं त्याला.

मी सांगितलं. कुंपणाबाहेरची माणसं ऐकत होती, तेव्हा मोठ्यानं सांगितलं. राजा लढला, जिंकला, मेलेली माणसं पाहिली, लाजला. त्यानं खांब उभा केला, त्यावरचं हे चाक.

"जीत के शरमाया?"

"होय, साहेब."

त्यानं छडीवरची मूठ एकदा सोडली, पुन्हा आवळली. मग शिपायाला खूण केली. शिपायानं दोर सोडून निशाण खाली घेतलं. गर्दीत कुजबुज वाढली. दुसरा शिपाई काड्यापेटी काढायला लागला, त्याला अमीननं हातानं थांबवलं. इतक्या लोकांदेखत जाळलं तर काय होईल याचा त्याला अंदाज होता. त्यानं अंगणात इकडंतिकडं पाहिलं आणि कोपऱ्यातल्या रांजणाशी जाऊन त्याचं झाकण छडीनं सरकवलं. त्यात काळा होता. लोखंडाचा गंज आणि हिरडा यांचा, चुलवणासारखा काळाशार.

"रंगारी, इधर आ. हे घे. बुडव ह्यात." तो हळू, समजुतीनं बोलत होता. "तुझं कापड, तुझा रंग, तुझाच रांजण. काळं करून माझ्या हातात दे आणि किस्सा खतम. कुणाला धरणार नाही. तुझ्या सुनेला नाही, आणखी कुणालाही नाही." बोलताना त्यानं भिंतीकडं बघायचं टाळलं.

खरं सांगायचं तर माणसानं वाट मोकळी करून दिली होती. मामंजी उठले. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. शिपायाच्या हातून त्यांनी निशाण घेतलं आणि रांजणाकडं चालत गेले. मला वाटलं, संपलं. ह्यांनी आयुष्यात कुठलं काम परत केलेलं नाही. कचेरीचं तर नाहीच. आणि मी त्यांना दोषही देऊ शकत नव्हते, मला वाचवायलाच ते चालले होते.

रांजणापाशी उभं राहून त्यांनी निशाण दोन्ही हातांत पसरलं. केशरीवरून अंगठा फिरवला, हिरव्यावरून फिरवला. उजेडाकडं धरून चाक अलीकडून पाहिलं, उलटं करून पलीकडून पाहिलं. तोवर त्यांनी ते जवळून पाहिलंच नव्हतं. शिवण चालू असतानाही ते आपाकडं आले नव्हते. मग त्यांनी निशाणाची चौकोनी घडी घातली आणि रांजणाचं झाकण परत लावलं.

"साहेब, हे काम माझ्याकडून व्हायचं नाही."

"काळा बसत नाही त्याच्यावर?" अमीननं विचारलं.

"काळा कशावरही बसतो. मी बसवणार नाही."

"बुढ्ढे, समजतोस ना काय बोलतोयस? तुरुंगात मरशील."

"समजतं की. पन्नास वर्षं मागेल त्याला मागेल तो रंग दिला, साहेब. कुणाचा कशाला म्हणून विचारलं नाही. आज पहिल्यांदा नाही म्हणतोय. जड जातंय मला, पण नाही."

"निशाण मी लावलं!" मी पुढं झाले. "मला धरा."

"तू लावलंस ते मी पाहिलं," अमीन म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, आणि आणखी काहीतरी होतं. ते लाजेसारखं होतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. "पण सरकारचं काम ह्यानं नाकारलं. बांधा त्याला."

आमच्याच वाशाच्या दोरानं त्यांचे हात मागं बांधले. ओढाताणीत त्यांचं पागोटं खाली पडलं. तेवढ्यात आपा भिंत ओलांडून आली. पिंजाऱ्याची बायको, परक्या पुरुषांच्या गर्दीत, पण तिनं पागोटं उचललं, झटकलं आणि मामंजींच्या डोक्यावर नीट बसवलं. शिपाई तिला अडवायला धजावला नाही. मामंजी माझ्याकडं वळून म्हणाले, "निळीचा रांजण उघडा आहे, झाकून ठेव." आणि चालू लागले. कुंपणाबाहेरच्या माणसांनी त्यांना वाट करून दिली. मग कुणीतरी जयजयकार केला, आणि चढण उतरेपर्यंत तो त्यांच्या मागं जात राहिला. निशाण अमीन घेऊन गेला. ते पुन्हा कधी दिसलं नाही.

मामंजींना गुलबर्ग्याच्या तुरुंगात पाठवलं. ते वर्ष मी एकटीनं काम चालवलं. भीतीनं पुष्कळ गिऱ्हाइकं यायची बंद झाली. आपाच्या मुलीचं लग्न झालं, तिचं केशरी कापड मी रंगवलं, आणि आपानं ते उजेडात धरून पाहिल्यावरच पास केलं.

पुढच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि मोगलाई संपली. त्याच आठवड्यात आमच्या गावातली काही माणसं, वर्षभर दारं लावून बसलेली, काठ्या-कुऱ्हाडी घेऊन मुसलमानांच्या घरांवर सूड घ्यायला रस्त्यावर उतरली. आपाच्या दाराशी आली. मी भिंत ओलांडून तिच्या उंबऱ्यात उभी राहिले.

"ह्या गावाच्या पहिल्या निशाणातला केशरी ह्या घरातला आहे," मी म्हटलं. "तो दिला तेव्हा हिनं तुमच्यापैकी कुणाचं नाव विचारलं नव्हतं. आता आधी मला मारा, मग आत जा."

पुढं उभा होता त्यानं मान खाली घातली. बाकीचे आपसात पुटपुटले आणि पांगले. ते घर वाचलं. सगळ्या गावांत तसं झालं नाही, हेही सांगायला हवं.

ऑक्टोबरात मामंजी सुटले. रेल्वेनं बार्शीपर्यंत येणार होते, तिथून पुढं गाडी. मी बैलगाडी घेऊन बार्शीला गेले. स्टेशनातून बाहेर आलेला माणूस आधी मी ओळखलाच नाही. अंग अर्धं झालेलं, दाढी वाढलेली, आणि नखं पांढरी. लग्न होऊन आल्यापासून त्यांची नखं मी कधी पांढरी पाहिली नव्हती. मी पाया पडले. ते म्हणाले, "निळीचा रांजण जिवंत आहे ना?" मी हो म्हटलं, वर्षभर त्याचं आंबवण मी मरू दिलं नव्हतं.

गाडी गावाबाहेरच्या झाडाखाली सोडलेली होती, तिथवर आम्ही चालत निघालो. वाटेत मामलेदार कचेरी लागली. तिच्या माथ्यावर निशाण फडकत होतं, मोठं, आमच्याहून तिप्पट. खाली एक पोलीस आरामात विडी ओढत बसला होता. त्याला ना भीती, ना घाई.

मामंजी रस्त्यातच थांबले. कपाळावर हात धरून वर बघत राहिले. मला वाटलं, आता रंगाला नाव ठेवतील, केशरी फिका आहे म्हणतील. गाडीवान लांबून हाका मारत होता. सायकलवाले घंटी वाजवून बाजूनं जात होते. ते हलेनात.

"हे आपण केलेलं नाही," शेवटी ते म्हणाले.

"नाही, मामंजी."

"गुरुजींनीही नाही."

"नाही. ते तर तुरुंगातून आल्यापासून आजारीच आहेत."

"मग कुणी रंगवलं?"

"कोण जाणे. मुंबईकडं कुणीतरी रंगवलं असेल."

त्यांनी मान हलवली. मग त्या कोरड्या, कधी फारसं न बोलणाऱ्या माणसाचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे," ते म्हणाले, "आपल्यासारखे पुष्कळ आहेत."